नाडी वाचणारा अंगठा

ज्यांची बोटे उलटी वळतात, ज्यांचा अंगठा मागे जाऊन मनगटाला टेकतो आणि ज्यांना लहानपणापासून "दाखव बघू तुझी गंमत" असे सांगत पाहुण्यांपुढे उभे केले गेले, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. तुमच्या हातांत गंमत नाही. ते सैल सांधे आहेत. कोणी कौतुक करू लागले की हात खिशात घाला. मला हे सांगणारे कोणी भेटले नाही. भेटले असते तरी मी ऐकले असते असे नाही, कारण त्या गमतीवर माझे पोट होते.

माझा जन्म सांगलीचा. हळदीच्या वखारीत कांड्या निवडण्यापासून सुरुवात केली आणि नमुन्याची एक पिशवी घेऊन मद्रासला उतरलो. जॉर्ज टाउनच्या बाजारपेठेत ओळखीचे कोणी नव्हते, तमिळ येत नव्हते. पण हळद तीच होती आणि भाव ठरवायची रीतही तीच होती. आमच्याकडे हत्ता म्हणतात, इथे तुंडू टाकणे म्हणतात. तुंडू म्हणजे खांद्यावरचा पंचा. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा उजवा हात धरतात, वर पंचा टाकतात आणि भाव बोटांनी बोलतात. भोवती दहा माणसे उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. भाव पटला की समोरच्याचा अंगठा दाबायचा. अंगठा दाबला की सौदा झाला. मग आभाळ कोसळले तरी कोणी मागे फिरत नाही, आणि पंच्याखाली काय झाले ते कोणी बाहेर बोलत नाही.

या धंद्यात माझा हात म्हणजे देणगी होती. भरलेली घागर मी वरून, काठाला बोटे लावून, एका हाताने उचलत असे, इतकी माझी बोटे फाकत. पण खरी करामत वेगळी होती आणि ती मी बायकोलाही कधी सांगितली नाही. खरेदीदाराची चारी बोटे मुठीत धरून माझा अंगठा वळसा घेऊन त्याच्या मनगटापर्यंत पोचत असे. दुसऱ्या कोणाचा पोचत नाही, करून बघा. तिथे त्याची नाडी लागे. माणूस तोंडाने "नको, महाग आहे" म्हणे, बोटाने कमी भाव सांगे, आणि मनगट सांगे की याला माल हवा आहे. मग मी जांभई देत असे. लोक म्हणत, हा सांगलीवाला मनातले ओळखतो. मी मनगटातले ओळखत होतो.

दुखणे

पहिल्यांदा अंगठा सुटला तो पोत्याचे तोंड बांधताना. खटकन बाजूला गेला, मी दाबून परत बसवला आणि काम चालू ठेवले. पुढे तो जिन्याचा कठडा धरताना सुटू लागला, धोतराची गाठ मारताना सुटू लागला. सकाळी बोटे सुजलेली असत. कॉफीचा पेला हातातून पडे. पंच्याखाली हात घालायची वेळ आली की मी टाळाटाळ करी. दुखत होते म्हणून नव्हे, दुखते आहे हे समोरच्याला कळेल म्हणून. आपण दुसऱ्याची नाडी बघतो तशी कोणी आपली बघितली तर काय, ही भीती मला त्या वर्षी पहिल्यांदा लागली.

घरी मी चिडचिड करत असे. बायको कावेरी तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचे बोलणे जुन्या वळणाचे, निम्मे तमिळ, आणि आवाज कधी चढत नाही. माझा कधी उतरत नाही. तिनेच वडिलांना कळवले. सासरे रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, तांबरमला राहणारे. ते गाडी पकडून आले आणि दारातूनच म्हणाले, "माप्पिळ्ळै, हात दाखवा." माप्पिळ्ळै म्हणजे जावई. हे संबोधन त्यांच्या तोंडी आले की पाठोपाठ उपदेश येतो.

"हातांचे एक मोठे डॉक्टर आहेत," ते म्हणाले. "मुलांना शिकवतात. आमच्या साहेबांची ओळख आहे. पण तिथं जाऊन घासाघीस करूं नका."

"डॉक्टरशी कसली घासाघीस?"

"तुम्ही देवळात बुवाशीं नारळावरून केली होतीत."

केली होती. नारळ सडका होता.

निदान

इस्पितळाचे आणि डॉक्टरांचे नाव मी लिहीत नाही. सासऱ्यांना शब्द दिला आहे. नाहीतर लिहिले असते.

डॉक्टर उंच, गोरे, हसरे. त्यांनी माझी करंगळी धरून मागे नेली, ती हाताच्या पाठीशी काटकोनात उभी राहिली, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मी घाबरलो. हळदीच्या ढिगात खूप चांगली कांडी दिसली की माझे डोळे असेच चमकतात. मी ते लपवायला शिकलो आहे. त्यांना लपवायची गरज नव्हती.

"वा," ते तमिळमधून म्हणाले, "राव, असा हात मी फार दिवसांनी बघतो आहे."

मग त्यांनी बाहेरून चारपाच विद्यार्थी बोलावले. अंगठा मागे, बोटे मागे, कोपर उलटे. प्रत्येकाने एकेकदा करून बघितले. कोणी विचारले नाही की दुखते का. शेवटी मीच विचारले, की मला काय झाले आहे.

"झालेलं काही नाही. जन्मापासूनच सांधे सैल आहेत. आजवर सैल म्हणून वळत होते, आता सैल म्हणून निसटतात."

"औषध?"

"औषध नाही. जपायचं. अंगठा फारच त्रास देत असेल तर पट्टा करून घेऊ, व्यायाम देऊ. वेळ लागेल."

निदानाच्या दिवशी माणूस रडतो असे ऐकले होते. मला राग आला. ज्या हाताच्या जोरावर मी परक्या गावात उभा राहिलो तो हात पहिल्या दिवसापासून बिघडलेला होता, आणि सगळे जण, आई, मामा, शाळेतले मास्तर, टाळ्या वाजवत होते.

डॉक्टर म्हणाले, "विद्यार्थ्यांना दाखवायला अधूनमधून याल का?" मी ताबडतोब सौदा केला. म्हणालो, "तुमच्या मुलांपुढे सांगाल तितक्या वेळा बसतो. पण अंगठा तुम्ही स्वतः बघायचा. मदतनिसाच्या हाती द्यायचा नाही, आणि मला पुन्हा बाजारात उभं करायचं."

ते हसले. "कबूल."

तोंडी कबूल. पंचा टाकला नाही, अंगठा दाबला नाही. सगळ्या जन्मात मी असा सौदा केला नव्हता. डॉक्टर आहेत, शिकलेले आहेत, शब्द देत आहेत, म्हणून विश्वास ठेवला.

तो वर्ग

दोनतीन वेळा सगळे ठीक झाले. मी स्वतःच हात वळवून दाखवत असे, माझ्या बेताने, दुखायच्या आधी थांबत असे. त्या दिवशी वर्ग मोठा होता, पायऱ्यापायऱ्यांचा, आणि मागच्या बाकांवरून कोणीतरी म्हणाले की दिसत नाही.

डॉक्टरांनी माझा हात धरून उंच केला. स्वतःच्या हाताने अंगठा मागे नेला. मी म्हणालो, "बस, साहेब." ते इंग्रजीतून बोलत होते, मुलांकडे बघत होते. त्यांनी आणखी थोडा नेला.

आवाज झाला. ओले लाकूड मोडताना होतो तसा. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने तोंडावर हात घेतला.

अंगठा माझ्या हाताला लोंबकळत होता. डॉक्टर मुलांकडे वळून म्हणाले, आणि इतके इंग्रजी मला कळते, "बघा, हा सांधा किती सहज निसटतो." आणि मुलांनी ते लिहून घेतले.

वॉर्डातले दिवस

आत काहीतरी फाटले होते, म्हणून शस्त्रक्रिया झाली. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पहाटे वॉर्डात फिनेलचा वास, मग पितळी किटलीतली पाणचट कॉफी, मग ताप बघणे, मग साहेबांची फेरी. फेरीच्या वेळी डॉक्टर माझ्या खाटेशी थांबत. "कसं काय राव?" म्हणत. त्यांच्याबरोबरचा मदतनीस विद्यार्थ्यांना सांगे, "रुग्णाचा अंगठा आपोआप निखळला." मी एकदा मोठ्याने म्हणालो, "आपोआप नाही. यांनी मोडला." मदतनिसाने तमिळ न कळल्यासारखे केले. माझे तमिळ इतके वाईट नाही.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "राव, तुमचा सांधा आज ना उद्या जाणारच होता."

हे खरे असेल. पण आज ना उद्या मरणारच म्हणून कोणी कोणाला जिन्यावरून ढकलत नाही.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. भरपाई नको, माफी नको. त्यांनी एकदा म्हणावे, की अंगठा माझ्या हातून गेला. इतकेच. बरा झालो नसतो तरी चालले असते.

सासरे भेटायला आले की समजूत घालत. "माप्पिळ्ळै, मोठा माणूस आहे. वशिल्यानं घेतलंय तुम्हांला. तक्रार केलीत तर पुढं बघणार नाही."

"पुढं बघायला उरलंय काय?"

"दुसरा हात आहे की."

यावर मी जे बोललो ते वॉर्डभर ऐकू गेले. सासरे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. कावेरीने डबा उघडला, दहीभात कालवला आणि घास माझ्या तोंडाशी धरला. तोंडात घास असला की मला ओरडता येत नाही हे तिला लग्नापासून ठाऊक आहे.

"त्यांनी कबूल केलं तर अंगठा वळेल काय हो?" तिने हळूच विचारले.

"नाही."

"मग?"

जे पाहिजे ते का पाहिजे हे बाजारात कोणी विचारत नाही.

एक चांगली गोष्ट लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की सगळेच काळे होते. शेजारच्या खाटेवर मुनुसामी होता, कोवलमचा कोळी. होडी ओढताना दोराने त्याचा डावा हात सोलला होता. माझा उजवा बंद, त्याचा डावा. त्याने प्रस्ताव मांडला की दोघे मिळून एक माणूस होऊ. तेव्हापासून केळे मी धरायचे, त्याने सोलायचे. माझ्या धोतराची गाठ तो एका हाताने धरी, मी दुसऱ्या हाताने ओढी. आंघोळीचे गरम पाणी मिळवायला वॉर्डबॉयशी भांडायचे काम माझे आणि बादली उचलायचे त्याचे.

"अण्णाची जीभ मात्र प्लास्टरमध्ये घालायची राहिली," तो वॉर्डबॉयला म्हणे.

घरी जाताना त्याने मला सुकी मासळी पाठवायचे कबूल केले. मी खात नाही असे सांगितले. तो म्हणाला, "खाऊ नका. घासाघीस करून विका." त्या वॉर्डात मी तेव्हा एकदाच हसलो.

घरी

प्लास्टर निघाले तेव्हा आतून दुसऱ्याच कोणाचा तरी अंगठा निघाला. बारीक, पांढरा, ताठ. आता तो मागे वळत नव्हता, पुढेही फारसा वळत नव्हता. आणि बधिर होता. चटका लागला तरी कळत नसे. डॉक्टरांचे म्हणणे, संवेदना परत येईल, धीर धरा.

व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता. मी तो पहिल्याच आठवड्यात भिंतीवर फेकून मारला. मग कावेरीने परात पुढे ठेवली. तिच्या माहेरी पोळीची फारशी सवय नाही, भात खाणारी माणसे. तरी ती रोज कणीक काढून देई आणि म्हणे, "मळा." मी मळत असे. पोळ्या चिवट होत आणि ती एक शब्दही न बोलता खाई. तुमच्यापैकी कोणाला असा व्यायाम करायचा असेल तर कणकेने करा. चेंडू खाता येत नाही.

याच दिवसांत एका संध्याकाळी सासऱ्यांकडे पाहुणे होते. माझी मुलगी पद्मा तेव्हा आठ वर्षांची. मी ओसरीवर बसलो होतो. आतून सासऱ्यांचा आवाज आला, "पद्मा, मामींना बोटं दाखीव कशीं वळतात ती." आणि पाहुण्या मामींचे "अय्यो" ऐकू आले.

मी आत गेलो. पद्माचा अंगठा तिच्या मनगटाला टेकलेला होता आणि ती खुशीने सगळ्यांकडे बघत होती. अगदी मी बघत असे तशी.

मी काय बोललो ते लिहीत नाही. पाहुणे लवकर गेले. सासरे शेवटी म्हणाले, "मला सुचलं नाही हो." ते खरे होते. त्या माणसाने माझ्यासाठी वॉर्डाच्या बाहेर दुपार दुपार बाकावर काढली होती, आणि तरी सुचले नव्हते. म्हणून हे लिहितो आहे. प्रेम करणाऱ्यांनाही सुचत नाही. सांगावे लागते, आणि ओरडून सांगावे लागले तर ओरडून.

पद्मा आता कोणाला हात दाखवत नाही. माझ्यावर थोडी रुसलेली असते. चालेल.

शेवटची तपासणी

बाजारात परत उभे राहण्याआधी डॉक्टरांना हात दाखवायचा होता. मी खांद्यावर पंचा टाकूनच गेलो. तिथून थेट जॉर्ज टाउनला जायचा बेत होता.

खोलीत नेहमीप्रमाणे विद्यार्थी होते. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून बघितला, व्रण बघितला, म्हणाले, "छान जुळून आलंय." मग त्यांची नजर पंच्यावर गेली. "राव, तुम्ही लोक पंच्याखाली भाव ठरवता म्हणे. कसं ते दाखवा ना या मुलांना."

पुन्हा दाखवा.

माझ्या डोक्यात रक्त चढले, आणि त्याच क्षणी सुचले की हीच वेळ आहे. चारचौघांत हा माणूस कधी कबूल करणार नाही. पण पंच्याखाली काय होते ते चारचौघांना दिसत नाही. मी माझा उजवा हात पुढे केला. त्यांनी हसत त्यांचा दिला. मी वर पंचा टाकला. मुले जवळ सरकली.

मी डॉक्टरांच्या कानाशी वाकलो आणि हळू आवाजात बोललो. हे वाक्य मी कणीक मळताना इतक्यांदा म्हटले होते की तमिळमध्ये एकही चूक झाली नाही.

"साहेब, त्या दिवशी अंगठा तुमच्या हातून गेला. खरं असेल तर माझा अंगठा दाबा. खोटं असेल तर नुसता हात काढून घ्या. इथलं कोणाला कळणार नाही. मीही कोणाला बोलणार नाही."

त्यांचे हसू थांबले. हात काढून घेतला नाही. तो माझ्या हातात राहिला, गरम, किंचित घामेजलेला. मी वाट बघत राहिलो.

आणि मग मला कळले मी काय करून बसलो आहे. इतकी वर्षे सौदा अंगठ्यावर ठरवला, म्हणून तोंडातून अंगठाच आला. आणि उजवा हातच पुढे केला, कारण आमच्यात डावा देत नाहीत. माझा अंगठा तिथे होता, पण तो अजून बधिर होता, त्याला काही कळत नव्हते. त्यांनी दाबला असेल तर त्याला कळले नसेल. नसेल दाबला तरी तसेच. मी तो वळवून त्यांच्या मनगटावर न्यायचा प्रयत्न केला, नाडी तरी सांगेल म्हणून. तो जागचा हलला नाही.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितले. चेहरा वाचायची मला कधी सवयच नव्हती. त्याची गरज पडली नव्हती.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी हात बाहेर काढला. मुलांपैकी कोणीतरी विचारले, "सर, काय ठरलं?" त्यांनी माझ्याकडे बघून खालच्या आवाजात विचारले, "कळलं ना, राव?"

"पुन्हा एकदा दाबा" असे म्हणता आले असते. पण पंच्याखालचे दुसऱ्यांदा विचारणारा अडत्या संपला, हे मी स्वतः कितीतरी नवशिक्यांना तोंडावर सांगितले आहे.

"कळलं," मी म्हणालो, आणि पंचा खांद्यावर टाकला.